तीस मीटरची टेप

आमच्या आळीत कोणाच्या कमरेला मोबाईलचं पाकीट असतं, कोणाच्या किल्ल्यांचा जुडगा. यशवंत पारठे यांच्या कमरेला पाच मीटरची स्टीलची टेप असते. देवळात जाताना ते चपला काढतात, टेप काढत नाहीत. शेजारच्या आजी वारल्या तेव्हा तिरडी बांधणारे दोघं आपसात कुजबुजत होते, "सहा फूट पुरे ना?" गर्दीतून एक हात पुढं आला, सर्रकन टेप आजींच्या शेजारी पसरली आणि गंभीर आवाज आला, "एकशे अठ्ठेचाळीस. सहा फूट मंजे एकशे त्र्याऐंशी. बांबू वाया जातोय." आजींची सून हंबरडा फोडत होती, तिला मधेच हसू फुटलं आणि ते लपवायला तिनं पदर तोंडात कोंबला. लोकांना वाटलं, सासूवर फार जीव होता.

सगळं भोर त्यांना मीटरकाका म्हणतं. त्यांना ते आवडतं. कोणी चिडवायला म्हटलं तरी आवडतं.

मी सुनंदा. एसटी स्टँडच्या मागच्या आळीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. काका समोरच्या घरात राहतात. एका कॉलेजात ते प्रयोगशाळेत सहायक होते. प्राध्यापक शिकवायचे, काका काचेच्या नळ्या धुवायचे, ॲसिड मोजून ओतायचे आणि पोरांच्या वह्यांतली रीडिंगं तपासायचे. पातळी बघताना डोळा तिच्या बरोबर समोर आणायचा, वरून बघायचं नाही, हे त्यांनी पोरांच्या तीन पिढ्यांना शिकवलं. निवृत्त झाले, पण सवय काही गेली नाही. स्टँडवरच्या हॉटेलात चहा आला की काका गुडघ्यावर हात ठेवून वाकतात, ग्लासाच्या समोर डोळा आणतात आणि मालकाला हाक मारतात, "नव्वद मिलिलिटर म्हणालो व्हतो. हा सत्तर हाय." मालकानं शेवटी कंटाळून त्यांच्यासाठी एका ग्लासावर नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवली आहे.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न आहे, "रीडिंग सांग!" आपण म्हणावं, आज लई उकडतंय, की ते म्हणणार, "लई मंजे किती? रीडिंग सांग." थोडं, जरासं, बक्कळ, चिमूटभर हे शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. आणि 'अंदाजे' हा शब्द तर शिवीसारखा. त्यांनी स्वतः एक घोषवाक्य रचलंय आणि ते पुठ्ठ्यावर लिहून माझ्या दुकानाच्या दारावर, मला न विचारता, चिकटवलंय:

"दहानं गुणा, दहानं भागा, बारा-सोळाच्या कशाला मागं लागा?"

माझ्या गिऱ्हाइकांना वाटतं, ही शिकवणीची जाहिरात आहे. वर्षाकाठी दोन-तीन आया पोरांना घेऊन येतात.

माझ्या दुकानाशी काकांचं जुनं वैर आहे, कारण माझा सगळा धंदा इंचांवर चालतो. त्यांचं म्हणणं सरळ आहे. "सुनंदा, कापड मीटरनं आणती, मग इंचानं का कापती? एका घरात जेवायचं आणि आंचवायला दुसऱ्याच्या दारात जायचं?" मी म्हणायची, काका, मापाची वही इंचात आहे, माझ्या सासूबाईंपासूनची आहे. पण पाण्याच्या थेंबानं दगडालाही भोक पडतं म्हणतात, आणि मी काही दगड नाही. एका श्रावणात मी म्हटलं, बघू तर खरं. टेप उलटी केली आणि सेंटिमीटरच्या बाजूनं माप घ्यायला लागले.

पहिलंच गिऱ्हाईक आलं ते एका गुरुजींचं कुटुंब. बाई अंगानं सुखवस्तू होत्या, पण स्वतःला बारीक समजायच्या. मी टेप लावली आणि वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "छाती एक्क्याण्णव, कंबर एक्क्याऐंशी." बाई मटकन स्टुलावर बसल्या. मी समजावून सांगेपर्यंत त्यांनी कापड उचललं होतं. जाताना दारात वळून म्हणाल्या, "ब्लाऊज शिवायचाय, मांडव नाही." त्यानंतर त्यांनी माझं दुकान सोडलंच. वर त्यांनी सांगितल्यामुळे आणखी चौघींनी सोडलं. संध्याकाळी मी काकांच्या अंगणात जाऊन त्यांना हे ऐकवलं. वाटलं, ओशाळतील. काका टाळी वाजवून म्हणाले, "पर माप बरोबर व्हतं ना?"

काकूंचं नाव पार्वती, पण त्यांच्या नशिबी हिमालय नाही, मोजपट्ट्या आल्या. त्यांच्याकडची एक गोष्ट तर सगळ्या आळीला पाठ आहे. काकांना एकदा सडकून ताप भरला. घरातला थर्मामीटर अर्थातच सेल्सिअसवाला. काकांनी काखेतून काढून वाचला आणि ग्लानीतच जाहीर केलं, "एकोणचाळीस." काकूंना ताप माहीत तो शंभर, एकशे दोन असला. एकोणचाळीस ऐकलं आणि बाई उठून धावल्या. माणूस गार पडत चाललाय! त्यांनी घरातल्या तीन गोधड्या, एक घोंगडी आणि वर पाहुण्यांची गादी काकांवर घातली, पायाशी शेगडी ठेवली आणि मला हाक मारली, "सुनंदा, पळ गं, ह्यांचा जाळ इझत आला!" मी गेले तर गादीखालून काकांचा क्षीण आवाज येत होता, "आता... एकेचाळीस..." आणि काकू हात जोडून म्हणत होत्या, "चढतोय बाई, चढतोय! देवा, असाच चढू दे!"

डॉक्टरांनी गोधड्या काढल्या म्हणून काका वाचले. पुढं थर्मामीटर मात्र बदलला नाही. काकूंनाच सेल्सिअस शिकवलं.

काकूंचं माहेर वेल्ह्याच्या रस्त्यावर विंझरला. तिथं सुगी झाली की काकूंचे भाऊ बहिणीच्या वाट्याचं भात घेऊन जा म्हणून निरोप धाडतात. एका वर्षी मीही गेले होते बरोबर. खळ्यात भाताची रास पडलेली आणि काकूंचे मोठे भाऊ पायलीनं मोजत बसलेले. पायली म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप. पायली राशीत खुपसायची, भरायची आणि मग दोन्ही हातांनी वर आणखी भात रचायचं, सांडेल सांडेल असा टोकदार ढीग होईपर्यंत. ह्या ढिगाला म्हणतात शीग. भाऊ शीग लावून लावून पोत्यात टाकत होते आणि काका शेजारी उभे राहून तळमळत होते. शेवटी राहवलं नाही.

"भाऊसाहेब, ही शीग किती धरायची?"

"किती मंजे?"

"मंजे पायलीचं माप एक. शीग दर वेळंला येगळी. आत्ताची मोठी झाली, मगाची बारकी व्हती. ही चूक हाय मापातली. वरनं पट्टी फिरवून सपाट करा."

भाऊ हातातली पायली तशीच धरून त्यांच्याकडं बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "दाजी, पट्टी फिरवून दुकानदार देतो. बहिणीला शीग लावूनच द्यायची असती. ती मापात धरत न्हाईत."

"मापात धरत न्हाईत, तर मग असती कशाला?"

यावर खळ्यातली सगळी माणसं हसली. काकू मान खाली घालून पोत्याचं तोंड धरून उभ्या होत्या. मला तेव्हा त्यांची कीव आली. परतीच्या गाडीत काका मला वहीत लिहून दाखवत होते की, बारा पायल्यांत शिगेमुळे किती टक्के फरक पडला. आपल्या पदरात जास्त पडलं याचा त्यांना आनंद नव्हता. हिशेब बसत नाही याचं दुःख होतं.

आता तुम्ही म्हणाल, असतात एकेक माणसं. मीही इतकी वर्षं तेच म्हणत होते. पण त्या दिवशी विंझरहून आल्यावर काकू माझ्याकडं बटणं लावून घ्यायला आल्या आणि बसल्या बसल्या एक वाक्य बोलल्या.

"सगळा तालुका मोजला गं ह्यांनी. फकस्त एक वावर सोडून."

मग त्यांनी सांगितलं ते असं. काका मूळचे हिर्डोशीचे, वरंधा घाटाकडच्या अंगाला. दोघंच भाऊ. थोरले दादा काकांपेक्षा नऊ वर्षांनी मोठे. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्याला खांद्यावर बसवून शाळेत नेणारे, स्वतःचं शिक्षण सोडून त्याला भोरला शिकायला ठेवणारे हेच दादा. वडील गेले आणि घराखालच्या भाताच्या खाचराची वाटणी करायची वेळ आली. गावातल्या रिवाजाप्रमाणे थोरल्यानं पावलांनी मोजायचं. दादांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून बघितलं. ऐंशी पावलं भरली. निम्मी चाळीस. मग दादा पुन्हा ओढ्याकडच्या, म्हणजे आपल्या टोकापासून चाळीस पावलं चालले आणि थांबले तिथं त्यांनी खुणेचा दगड रोवला.

काका पलीकडच्या टोकाला उभे होते. प्रयोगशाळेत तयार झालेला डोळा. चार लोकांच्या देखत ते ओरडले, "दादा, तुझ्या ढांगा सारख्या न्हाईत! येताना येगळ्या पडल्या, जाताना येगळ्या! थांब, मी उद्या टेप आणतो."

दादा उंचनिंच माणूस. त्यांचा चेहरा उतरला, मग लालबुंद झाला. ते एवढंच म्हणाले, "माझ्या पावलावर भरवसा न्हाई? मग ज्या दिवशी टेप आणशील, त्या दिवशी तुला भाऊ न्हाई."

काका तसेच भोरला आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीस मीटरची कापडी टेप विकत आणली. पण हिर्डोशीच्या गाडीत काही बसले नाहीत. टेप ट्रंकेत गेली, तिच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलं नाही. त्याला तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती. दोघं भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. काकांच्या वाटणीचा तुकडा गावातलंच कोणी वाट्यानं करत होतं. "तवापासनं हे असं," काकू म्हणाल्या. "आवड पयल्यापासनं व्हतीच, पर याड लागलं ते तवापासनं. तिथं मोजता येत न्हाई, मग हितं समद्यांच्या मागं लागायचं."

मी बटण लावत होते. सुई बोटात गेली. ज्या माणसाची मी आयुष्यभर थट्टा केली, त्याच्या कमरेला काय लटकत होतं ते मला त्या दिवशी कळलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. हिर्डोशीच्या गाडीचे कंडक्टर माझ्याकडं खाकी पँटची शिलाई उसवली म्हणून आले आणि पँट हातात देता देता म्हणाले, "ताई, समोरच्या पारठ्यांना निरोप हाय. त्यांच्या थोरल्या भावानं गाडी थांबवून सांगितलाय. म्हणाले, पावसात वावराचा मधला बांध वाहून गेला. आता भात कापून झालंय, बांध घालायचाय. माझं गुडघं गेलं, पावलं टाकता येत न्हाईत. धाकट्याला म्हणावं, टेप घेऊन ये."

मी पँट तिथंच टाकली आणि धावत समोर गेले. काका ओट्यावर बसून काकूंच्या डाळीचं वजन तपासत होते. मी निरोप सांगितला. काकांनी तराजू खाली ठेवला. मग घसा खाकरून म्हणाले, "अंदाजे किती वाहून गेलाय बांध?"

अंदाजे! काकूंनी माझ्याकडं बघितलं, मी काकूंकडं बघितलं.

जायचं ठरलं, पण टेपचं दुसरं टोक धरायला कोण? काकूंना घाटाच्या रस्त्यानं मळमळतं. काका मला म्हणाले, "तुझा हात स्थिर हाय. रोज टेप धरती." काकू मला आत बोलावून म्हणाल्या, "जा गं तू. एकटं गेलं तर निम्म्या वाटेतनं माघारी येतील."

शनिवारी आम्ही निघालो. गाडीत काका खिडकीशी बसले होते, मांडीवर ती तीस मीटरची टेप, अजून प्लॅस्टिकमध्येच. एरवी हा माणूस प्रत्येक किलोमीटरचा दगड मोठ्यानं वाचून कंडक्टरला चूक दाखवतो. आज धरणाचं पाणी मागं पडलं, घाटाचे डोंगर जवळ आले, तरी एक शब्द नाही. शेवटी स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सुनंदा, रीडिंग काय बी आलं तरी वाईटच बघ. दादाकडं जास्त निघालं तर दादा खोटा. सारखं निघालं तर मी खोटा. बावीस वर्सं फुकट."

मला तर वाटलं, देवा, गाडी पंक्चर होऊ दे.

हिर्डोशीत उतरून थोडं चालावं लागतं. दादा वावराच्या कडेला एका दगडावर बसले होते. दोन्ही हात काठीवर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. एके काळचा उंच माणूस बसल्या जागी दुमडल्यासारखा झाला होता. काका त्यांच्यापासून चार-पाच मीटरवर थांबले. (बघा, आता माझ्याही तोंडात मीटरच येतो.) दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. दोघांनीही माझ्याकडं पाहिलं.

दादा मला म्हणाले, "पाव्हण्यांना इचारा, चा घेणार का आधी?"

काका मला म्हणाले, "त्यांना सांग, आधी मोजणी."

बावीस वर्षांचं भांडण आणि मधे मी, ब्लाऊज शिवणारी बाई.

बांध खरंच वाहून गेला होता. कापलेल्या भाताची धसकटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग दिसत होती. पण वरच्या अंगाला खुणेचा दगड तेवढा जागेवर होता, अर्धा जमिनीत गेलेला. काकांनी प्लॅस्टिक फाडलं. मी टेपचं टोक घेऊन ओढ्याकडं गेले, दादांच्या बाजूला, आणि तिथल्या कडेवर धरून बसले. काका टेप सोडत सोडत दगडापर्यंत आले, ताण दिला, वाकले, आकड्याच्या समोर डोळा आणला. अगदी प्रयोगशाळेतल्यासारखा.

"अठ्ठावीस मीटर, पाच सेंटिमीटर." त्यांनी वहीत लिहिलं.

मग मी दगडाशी येऊन टोक धरलं आणि काका स्वतःच्या बाजूला निघाले. टेप त्यांच्या हातातल्या डब्यातून सरसर सुटत होती. दहा, पंधरा, वीस. मी त्यांची पाठ बघत होते. पंचवीस. अठ्ठावीस मीटरपाशी ते थांबतील असं मला वाटलं. थांबले नाहीत. आणि मग माझ्या हाताला हिसका बसला. टेप संपली होती. तीस मीटर पूर्ण. आणि काका अजून वावराच्या मधेच उभे होते. कड अजून पुढं होती.

हातात टेपचा डबा, समोर उरलेली जमीन. मग त्यांनी पायाशी काटकी रोवली, कमरेची पाच मीटरची टेप काढली आणि काटकीपासून कडेपर्यंत मोजलं. दोन मीटर पंच्याहत्तर. तरी त्यांना पटेना. त्यांनी मला पुन्हा धरायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा धरलं. तेच.

दादांकडं अठ्ठावीस मीटर पाच. काकांकडं बत्तीस मीटर पंच्याहत्तर. ओढ्याकडची बाजू सपाट, म्हणून दिसायला ती मोठी दिसत होती. डोळ्यांनी बावीस वर्षं फसवलं होतं.

काका वही हातात घेऊन दादांच्या समोर आले. "दादा, तुझ्या ढांगा सारख्या नव्हत्या."

"नव्हत्या," दादा म्हणाले. पहिल्यांदाच थेट.

"तू तुझ्या बाजूनं चालताना पावलं आखडलीस. चार मीटर सत्तर सेंटिमीटर माझ्याकडं जास्त हाय."

"मीटर मला काय कळत न्हाई."

"मग त्या दिवशी बोलला का न्हाईस?"

दादांनी काठीनं माती उकरली. म्हणाले, "चार लोकांत काय बोलू? म्या तुला जास्ती दिलं म्हणून सांगू? मग ते देणं ऱ्हातं व्हय? आणि तू तर मला चोरच ठरवला." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "धाकट्याला काय मोजून द्यायचं असतं व्हय रं?"

काका खाली मातीतच बसले. त्यांनी दादांच्या गुडघ्यावर हात ठेवला, जो गुडघा आता चालत नव्हता, आणि लहान मुलासारखे रडले. मी टेप गुंडाळायच्या निमित्तानं ओढ्याकडं चालू लागले. मीही रडत होते, आणि मला टेप नीट गुंडाळता येत नव्हती.

पण मीटरकाका ते मीटरकाकाच. मी परत आले तोवर दोघांचं जोरात वाजलं होतं. मला धडकीच भरली.

"बांध बरोबर मधी पडणार! तीस मीटर चाळीस सेंटिमीटरवर! हा दगड काढ आधी!"

"दगडाला हात लावशील तर बघ! म्या रवलाय!"

"चुकीच्या जागंवर रवलाय!"

"माझं वावर, माझी पावलं! तू कोण सांगणार?"

"मला जास्तीचं नको!"

"तुला कुणी इचारलंय?"

दादांच्या घरातून वहिनी चहाची किटली घेऊन आल्या होत्या. त्या कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. मला हळूच म्हणाल्या, "बावीस वर्सं ह्या घरात येवढा आवाज झाला न्हवता. बरं वाटतंय बाई."

बांध त्या दिवशी काही घातला गेला नाही. पुढच्या शनिवारी काका पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. दर शनिवारी सकाळच्या गाडीनं जातात, दुपारच्या गाडीनं येतात. कमरेला पाच मीटर, पिशवीत तीस मीटर आणि गुडघ्याला लावायचं तेल. मी विचारते, "काका, झाला का बांध?" ते म्हणतात, "न्हाई गं. मोजणी चालू हाय अजून." काकू आत हसतात. एवढ्याशा खाचराला किती शनिवार मोजणार, हे मी विचारत नाही. रीडिंग कोणी मागू नये अशाही काही गोष्टी असतात.

संक्रांतीच्या आधी काका एक पोतं घेऊन आले. दादांनी दिलेला तांदूळ, त्याच वावरातला. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली, "सुनंदा, भांडं आण." मी पातेलं घेऊन गेले. ओट्यावर त्यांचं लिटरचं माप आणि शेजारी पट्टी ठेवलेली होती. ही पट्टी माझ्या चांगल्या ओळखीची. काहीही देताना माप भरायचं, वरून पट्टी फिरवायची, उरलेले दाणे परत पोत्यात. काकूंच्या हातची साखरसुद्धा आमच्याकडं अशीच पट्टी फिरवून येते.

काकांनी माप भरलं. पट्टी उचलली. मापावर आडवी धरली आणि तशीच थांबवली. मग इकडंतिकडं बघून त्यांनी ती हळूच खाली ठेवली. दोन्ही हातांनी पोत्यातला तांदूळ घेतला आणि मापावर रचायला लागले. सवय नव्हती. ढीग ढासळत होता, दाणे ओट्यावर घरंगळत होते. ते पुन्हा गोळा करून पुन्हा रचत होते, जीभ दातांत धरून, अगदी टोक येईपर्यंत.

मला थट्टा केल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "काका, हे किती झालं? रीडिंग सांगा की."

काकांनी वर पाहिलं नाही. दोन्ही हातांनी माप अलगद उचललं.

"तू भांडं नीट धर," ते म्हणाले. "वरचं सांडंल."